तुळशीच्या लग्नाचा प्रश्न झाडांच्या ग्रुपवर चालतो का?

गेल्या कार्तिकातली गोष्ट. आमच्या गच्चीवरच्या बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी सातच्या सुमारास एका काकूंनी विचारलं, "तुळशीचं लग्न ग्यारसला लावायचं की बारशीला?" प्रश्न साधा, पण इंदुरात तो साधा राहत नाही. शेजारची हिंदी घरं देवउठनी ग्यारसलाच, म्हणजे कार्तिकी एकादशीलाच, उसाचा मांडव घालून मोकळी होतात. मराठी घरांत द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं. आणि जिथे सासू एकीकडची, सून दुसरीकडची, तिथे दोन पंचांगं समोरासमोर उभी. तासाभरात पन्नासेक मेसेज पडले. कुणी पंचांगाच्या पानाचा फोटो टाकला, कुणी मंगलाष्टकं गाऊन पाठवली, कुणी राजवाड्याजवळ आवळे-चिंचा कुठे मिळतात ते सांगितलं. मजा आली. मीही दोन ओळी लिहिल्या.

त्या पन्नास मेसेजांच्या मध्ये कुठेतरी सुदामानगरातल्या एका ताईंनी कुंडीतल्या लिंबाचा फोटो टाकला होता. "पानांवर पक्ष्यांनी घाण केल्यासारखं दिसतंय. पाण्याने धुऊ का?" ती पक्ष्यांची घाण नव्हतीच. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या लहान असतात तेव्हा हुबेहूब तशाच दिसतात, काळपट अंगावर पांढरे डाग. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं सोंग आहे ते. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात आणि मग दिसेल ते पान संपवतात. उत्तर दोन शब्दांचं होतं: हाताने वेचा. ग्रुपवर हे माहीत असलेले दहाजण तरी होते, त्यांतल्या एकालाही तो फोटो दिसला नाही. आठवड्याने ताईंनी दुसरा फोटो टाकला. त्यात नुसत्या काटेरी काड्या होत्या.

मी त्या ग्रुपच्या तीन ॲडमिनांपैकी एक. त्या काड्या बघून मला पहिल्यांदा कळलं की विषय सोडून लिहिण्याचं नुकसान कुणाला होतं. बोलणाऱ्यांना होत नाही, ती मंडळी खूशच असतात. नुकसान होतं त्या माणसाचं, ज्याचा प्रश्न वर सरकून गेला. आणि तो तक्रारही करत नाही. त्याला वाटतं, कुणाला उत्तर माहीत नसेल.

अवांतर म्हणजे वाईट नव्हे

मराठीत या प्रकाराला नेमका शब्द आहे: अवांतर. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना तो चांगला ओळखीचा असेल. मूळ मुद्दा सोडून काही लिहायचं तर माणूस आधी 'अवांतर:' असं लिहून गुन्हा कबूल करतो आणि मग खुशाल दोन परिच्छेद लिहितो. गप्पांच्या ठिकाणी ते गोडच वाटतं, कारण तिथे सगळे वेळ घालवायलाच आलेले असतात.

प्रश्नोत्तरांची जागा वेगळी असते. तिथे तीन प्रकारची माणसं येतात. एक, ज्याचं काही अडलंय. दोन, ज्याला ते सोडवता येतं, पण ज्याच्याकडे दिवसातली दहाच मिनिटं आहेत. आणि तीन, जो अजून आलेलाच नाही, सहा महिन्यांनी 'लिंबू अळी' असं शोधणार आहे. गप्पांच्या जागी हा तिसरा माणूस नसतोच. प्रश्नोत्तरांची सगळी शिस्त खरं म्हणजे त्याच्यासाठी असते, आणि तो समोर नसल्यामुळे त्याची बाजू कुणी घेत नाही. ॲडमिनने घ्यायची असते.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. आपला प्रश्न 'विषयाबाहेरचा' म्हणून काढला की माणसाला वाटतं, आपल्याला मूर्ख म्हटलं. इंदूरकराला हे समजावणं तसं सोपं जायला हवं. स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात आपलं शहर २०१७ मध्ये पहिलं आलं आणि पुढची वर्षं ती जागा सोडली नाही, ती काही नुसत्या झाडूमुळे नाही. घरातच कचरा वेगळा करायला शिकल्यामुळे. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक, गाडीला सहा कप्पे. सकाळी आमच्या गल्लीत गाडी येते, आणि मी ओल्याच्या डब्यात चुकून दुधाची पिशवी टाकलेली असेल तर गाडीवरचा मुलगा डबा परत माझ्या हातात देतो: "आंटीजी, ये सूखे में." तो पिशवीला नावं ठेवत नाही, मलाही नाही. ओल्यात गेली तर खत बिघडेल आणि सुक्यात गेली तर तिचा उपयोग होईल, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय तो नुसता 'नाही' म्हणून पुढे जात नाही, कप्पा दाखवतो. चांगल्या ॲडमिनचं काम याहून फार वेगळं नाही. (प्रश्नांना कचऱ्याची उपमा दिली म्हणून ग्रुपवर दोघीजणी माझ्यावर रागावल्या होत्या. त्यांची बाजू अगदीच चूक नव्हती, पण मला याहून बरी उपमा अजून सुचलेली नाही.)

विषयात आहे की नाही, ओळखायचं कसं?

सुरुवातीला आम्ही सोपा नियम केला होता: झाडांबद्दल असेल तर चालेल. तो चार दिवस टिकला. तुळस हे झाडच आहे. "शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी आमच्या गच्चीत आलीय, तोडली तर ते पोलिसात जातील का?" आंबाही झाडच. "माळी हवाय, महिन्याचे किती घेतात?" "उद्या नर्मदेचं पाणी येणार आहे का, कुंड्या भरायच्या आहेत." सगळ्यांत झाडं आहेत!

मग लक्षात आलं की प्रश्नातले शब्द बघून विषय ठरत नाही. बघायचं ते हे: या प्रश्नाचं उत्तर ज्या ज्ञानातून येणार, ते ज्ञान या ग्रुपचं आहे का? तुळशीच्या लग्नाचं उत्तर पंचांगातून येतं, बागकामातून नाही. माझ्यासारखी, जिला तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की झाड जास्त टिकतं एवढंच कळतं, ती तिथीबद्दल जे सांगेल त्याला काडीची किंमत नाही. उलट "जानेवारीत तुळशीची पानं का गळतात?" याचं उत्तर आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गच्चीवर आहे, कारण तुळशीला माळव्यातली थंडी सोसत नाही. दोन्ही प्रश्नांत तुळस. एक बाहेरचा, एक आतला.

पाण्याचंही तेच. नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंप करून वर चढवतात आणि आपल्याकडे ते दिवसाआड येतं. उद्या नळ येणार की नाही, हे बागवाल्यांना महापालिकेपेक्षा जास्त कसं कळणार? पण "बोअरिंगचं पाणी घातलं की कुंडीच्या मातीवर पांढरा थर का येतो?" हा आमचा हक्काचा प्रश्न. ते पाण्यातले क्षार, पाणी उडून गेलं की वर उरतात. याचं उत्तर इथे बरोबर मिळेल आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

हीच कसोटी उलटी लावून बघता येते. उत्तर चुकलं तर ग्रुपवर कुणी पकडेल का? आंब्याच्या फांदीबद्दल कुणीतरी ठासून सांगितलं, "तोडा बिनधास्त, कायदा तुमच्या बाजूने आहे," तर आमच्यात त्याला अडवणारं कुणी नाही. बागेबद्दल चुकीचं बोललेलं पाच मिनिटांत खोडलं जातं. जिथे चूक खोडणारा माणूस नाही, तिथे उत्तर देणं हीच जोखीम आहे. मला स्वतःला हे कारण 'ग्रुप स्वच्छ ठेवा'पेक्षा कितीतरी जास्त पटतं.

हे आधी ज्यांनी निस्तरलं ते

ही डोकेदुखी व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची आहे. यूजनेट नावाची चर्चांची जगभर पसरलेली व्यवस्था १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांतून सुरू झाली. सुरुवातीला तिथे गटांची नावं कशीही पडत. पसारा इतका वाढला की १९८७ मध्ये सगळे गट नव्याने लावून ठेवावे लागले: संगणकाचे एका शाखेत, विज्ञानाचे दुसऱ्या, छंदांचे तिसऱ्या, नुसत्या वादावादीचे वेगळ्या. थोडक्यात, कप्पे केले. सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवायची पद्धतही तिथेच रुजली. आज कुठल्याही बँकेच्या संकेतस्थळावर 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' दिसतात ना, ती रीत तिथूनच पसरली.

यूजनेटवर आणखी एक गंमत होती. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवी पोरं दाखल होत, त्यांना इंटरनेट मिळे आणि ती महिनाभर गोंधळ घालत. मग जुनी मंडळी त्यांना वळण लावत आणि गाडी रुळावर येई. १९९३ नंतर घरगुती इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांमधून नव्या लोकांचा लोंढा सुरू झाला तो थांबलाच नाही. जुन्यांनी त्याला नाव दिलं: कधीच न संपणारा सप्टेंबर. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात नेमकी अडचण सांगितली आहे. नवे लोक वाईट नसतात. जुन्यांना शिकवायला लागणारा वेळ आणि नव्यांचा येण्याचा वेग, यांचं गणित बिघडतं. आमच्या ग्रुपमध्येही एकाच रविवारी तीसजण आत घेतले, तेव्हा पुढचा महिनाभर तेच झालं.

पण या विषयावर सगळ्यात बारकाईने काम केलंय ते स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी ती २००८ मध्ये सुरू केली. आमचा धाकटा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने एका रविवारी पोहे-जिलेबी खाता खाता मला तिची रचना समजावून सांगितली आणि मी पोहे गार होईपर्यंत ऐकत बसले. कारण आम्ही जिथे जिथे ठेचकाळलो होतो, तिथे त्यांनी आधीच दगड बाजूला केला होता.

तिथे पगारी पहारेकरी दिवसभर प्रश्न निवडत बसलेले नसतात. सभासदांना चांगल्या प्रश्नोत्तरांबद्दल गुण मिळतात आणि गुणांबरोबर अधिकार वाढत जातात. १५ गुण झाले की दुसऱ्याच्या लिखाणाला पसंतीचं मत देता येतं आणि काही खटकलं तर त्यावर निशाणी लावता येते. १२५ ला नापसंतीचं मत. २,००० ला दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं. ३,००० झाले की एखादा प्रश्न बंद करायच्या बाजूने मत देता येतं. हे मत सहसा एकट्याचं चालत नाही. पूर्वी पाच जणांचं जमावं लागे, आता तिघांचं. याच्याही वर सभासदांनी निवडणुकीतून निवडलेले मॉडरेटर असतात, ते एकट्याने निर्णय घेऊ शकतात, पण त्यांनी अपवाद म्हणूनच हात घालावा अशी अपेक्षा असते.

'बंद करणं' म्हणजे काय, इथे खरी हुशारी आहे. बंद झालेला प्रश्न नाहीसा होत नाही. तो दिसतो, त्याखाली टिप्पणी लिहिता येते, विचारणाऱ्याला तो दुरुस्त करता येतो. थांबतं ते एकच: नवं उत्तर देणं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात ना, तसं. आतलं आवरून घ्या, तोवर नवं गिऱ्हाईक नको. कारण अपुऱ्या किंवा बाहेरच्या प्रश्नाला एकदा चार उत्तरं आली की मग प्रश्न बदलता येत नाही. बदलला तर उत्तरं लटकतात आणि उत्तर देणारे चिडतात. म्हणून बंद करायचं तर लवकर, उत्तरं पडण्याच्या आधी. दुरुस्ती झाली की प्रश्न पुन्हा उघडण्यासाठी तपासणीच्या रांगेत लागतो, आणि उघडायलाही मतंच लागतात. विषयाबाहेरचा म्हणून बंद झालेल्या प्रश्नाकडे नऊ दिवसांत कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याला ना पसंती ना चांगलं उत्तर, तर यंत्रणा तो आपोआप काढून टाकते. म्हणजे रोजची झाडलोट माणसाच्या अंगावर येत नाही.

बंद करताना कारण द्यावंच लागतं, आणि ती कारणं ठरलेली आहेत. त्यातलं एक मला फार शिकवून गेलं. 'कोणतं पुस्तक घेऊ, कोणतं साधन वापरू' असे शिफारशी मागणारे प्रश्न तिथे कित्येक वर्षं चालत नसत. विषय प्रोग्रॅमिंगचा असला तरी! आधी मला हा अतिरेक वाटला. मग आमच्या "माळी सुचवा"वाल्या प्रश्नांची जुनी उत्तरं काढून बघितली. निम्मे फोन नंबर बंद. दोन शिफारशी तर त्या माळ्यांच्याच नातेवाइकांनी केलेल्या निघाल्या. अशा प्रश्नाचं उत्तर लवकर शिळं होतं, खरं-खोटं कुणाला तपासता येत नाही, आणि जाहिरातवाल्यांना आयतं दार उघडतं. त्यापेक्षा "चांगल्या नर्सरीत रोप घेताना काय बघावं?" असं विचारलं तर त्याचं उत्तर पाच वर्षांनीही कामाला येईल. मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आली आहेत का, पानांच्या मागे कीड आहे का, फार फुलं धरलेलं रोप का टाळावं, वगैरे. प्रश्न तोच, फक्त अर्ध्या वळणाने फिरवला.

चुकीच्या जागी पडलेला प्रश्न हलवायचीही तिथे सोय आहे. प्रोग्रॅमिंगऐवजी नुसता घरच्या कॉम्प्युटरचा किंवा प्रिंटरचा प्रश्न असेल तर तो सुपर यूजर नावाच्या भावंड साइटवर उचलून ठेवता येतो. पण नियम कडक आहे: जुना, साठ दिवसांवरचा प्रश्न हलवायचा नाही, आणि टुकार प्रश्न तर अजिबात नाही. आपल्याकडचा कचरा झाडून शेजाऱ्याच्या अंगणात लोटायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न आला तर तो बंद करून जुन्या उत्तराकडे बोट दाखवतात, पण सहसा पुसत नाहीत. कारण लोक एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत शोधतात. कुणी 'कढीपत्ता पिवळा' शोधेल, कुणी 'मीठा नीम के पत्ते'. प्रत्येक जुळा प्रश्न म्हणजे एकाच घराकडे नेणाऱ्या वेगळ्या गल्लीच्या तोंडावर लावलेली पाटी.

आणि त्यांची जी चूक झाली

इतकी सुंदर रचना करूनही त्या साइटला लोकांनी शिव्या दिल्याच. नवा मुलगा पहिला प्रश्न विचारतो, दोन मिनिटांत नापसंतीची मतं, पाचव्या मिनिटाला बंद. नियमाने सगळं बरोबर. पण त्या मुलाच्या दृष्टीने तो एका खोलीत शिरला, काही बोलला आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. २०१८ च्या एप्रिलमध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर लिहिलं की आमच्याकडे नव्या माणसाला आपलेपणा वाटत नाही आणि हे बदलायला हवं. तोवर दहा वर्षं झाली होती.

माझ्या मते तिथे दोष नियमांचा कमी आणि भाषेचा जास्त होता. 'बंद' हा शब्दच तोंडावर दार आपटल्यासारखा. मधल्या काळात, २०१३ पासून काही वर्षं, त्यांनी पहिले पाच दिवस 'बंद'ऐवजी 'थांबवला आहे' असं म्हणून बघितलं. त्याच सुमारास 'हा खरा प्रश्नच नाही' असं एक कारण होतं तेही काढलं. विचार करा, तुम्ही अडलेले आहात आणि कुणी सांगतं की तुमचा प्रश्न प्रश्नच नाही!

आमच्याकडे या बाबतीत मीच मोठी गुन्हेगार. तुळशीच्या प्रकरणानंतर जोशात येऊन आम्ही 'विषयाबाहेरचे मेसेज डिलीट केले जातील' असा फतवा काढला. व्हॉट्सॲपने २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली आहे, ती मी चार दिवस यथेच्छ वापरली. पुसलेल्या मेसेजच्या जागी तो ॲडमिनने काढल्याचं सगळ्यांना दिसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका सत्तरीच्या आजींनी त्यांच्या गेलेल्या यजमानांनी लावलेल्या पारिजातकाचा फोटो टाकला, खाली चार ओळी आठवण. प्रश्न काहीच नव्हता. मी पुसला. आजींनी मला वेगळा मेसेज केला, "चुकलं का गं काही?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता आम्ही पुसत नाही, लिहितो. "काकू, मुहूर्ताचं इथे कुणाला नक्की सांगता येणार नाही, गप्पांच्या ग्रुपवर विचारा, तिथे गुरुजी आहेत. तुळशीच्या रोपाचं काही असेल तर इथे जरूर टाका." तीन गोष्टी असतात त्यात: इथे का नाही, कुठे विचारायचं, आणि पुन्हा या. यातली मधली गोष्ट नसेल तर बाकीच्या दोन ऐकू येत नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून आधी ती दुसरी जागा उभी करावी लागली. व्हॉट्सॲपवर एकाच कम्युनिटीखाली वेगवेगळे ग्रुप ठेवता येतात, त्यात आम्ही एक नुसता गप्पांचा केला. पारिजातक तिथे गेला आणि त्याला मूळ ग्रुपवर मिळाले असते त्याच्या दुप्पट हात जोडलेले मिळाले. मायबोली या मराठी संकेतस्थळावर मंडळींनी 'वाहतं पान' ही सोय फार पूर्वी शोधून काढली होती, गप्पा मारा, जुन्या आपोआप वाहून जातील. गप्पांना तुंबू द्यायचं नसेल तर त्यांना वाट काढून द्यावी लागते.

खरा गुन्हेगार कोण?

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलते. विषयाबाहेरचा प्रश्न विचारणाऱ्यामुळे जागा बिघडत नाही. तो नवा असतो, त्याला माहीत नसतं. जागा बिघडते ती त्याला उत्तर देणाऱ्या जुन्या, सज्जन, मदतीला तत्पर माणसामुळे. आमच्यात एक निवृत्त काका आहेत, साक्षात ज्ञानकोश. नळ, आयकर, गुडघेदुखी, रेल्वेचं तात्काळ, काहीही विचारा, तीस सेकंदांत उत्तर. त्यांच्या एका उत्तराने ग्रुपवरच्या सगळ्यांना कळतं की इथे काहीही विचारलेलं चालतं. ॲडमिनची दहा पत्रं त्यापुढे फिकी. काकांना हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले, फोनवर सांगायची हिंमत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "मग त्या बिचाऱ्याला उत्तर कोण देणार?" मी म्हटलं, तुम्हीच द्या, पण त्याच्या खासगी नंबरवर. आता ते तसंच करतात. ग्रुपवर एवढंच लिहितात: "तुम्हाला वेगळं लिहिलंय." एवढ्या एका बदलाने जे झालं ते माझ्या फतव्याने झालं नव्हतं.

नियम कुणी करायचे, याचंही उत्तर मला अर्थशास्त्रात सापडलं, हे जरा ऐटीत सांगते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. स्वित्झर्लंडमधली गावकीची कुरणं, स्पेन आणि फिलिपिन्समधलं पाटाचं पाणी अशा सामायिक गोष्टी काही ठिकाणी शतकानुशतकं का टिकल्या, हे त्यांनी शोधलं. टिकलेल्या ठिकाणी नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच होते, भांडण जवळच्या जवळ आणि कमी खर्चात मिटत होतं, आणि शिक्षा पहिल्या चुकीला अगदी किरकोळ, मग पायरीपायरीने वाढणारी होती. आमच्या ग्रुपची सामायिक गोष्ट म्हणजे त्या जाणत्या लोकांची रोजची दहा मिनिटं. पाटाच्या पाण्यासारखीच ती, एकाने उपसली की दुसऱ्याच्या वाफ्याला कमी पडते. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही गप्पांच्या ग्रुपवर मतदान घेतो: अमुक प्रकारचे प्रश्न आत की बाहेर?

कायद्याचा एक मुद्दा भराभर, कारण नवे ॲडमिन याने उगाच घाबरतात. सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे एवढ्यावर त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. दोघांचा संगनमताचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मेसेज पुसायचे ते भीतीपोटी नकोत. धमकी, फसवणूक, कुणाचा खासगी नंबर चव्हाट्यावर आणणं, हे मात्र 'विषयाबाहेरचं' नसतं. तिथे विचारविनिमय नाही, आधी काढायचं आणि मग बोलायचं. ही दोन खाती एकत्र केली की तुळशीचं लग्न विचारणाऱ्या काकू आणि ठकसेन एकाच रांगेत उभे राहतात.

या महिन्याच्या मतदानाला कबुतरं आहेत. ती कुंड्यांतली माती उकरतात, कोवळी रोपं मोडतात, एसीच्या मागे घरटी करतात. "कबुतरांपासून पालक कसा वाचवू?" हा आतला की बाहेरचा? माझ्या कसोटीने आतला, जाळी कशी बांधायची हे आमच्याइतकं कुणाला कळतं! पण मागच्या वेळी हा प्रश्न आला तेव्हा तिसऱ्याच मेसेजला कुणीतरी कबुतरांना दाणे घालणं पुण्य की पाप हे काढलं, आणि चाळिसाव्या मेसेजला दोघांनी ग्रुप सोडला. दुसऱ्या ॲडमिनबाईंचं म्हणणं, प्रश्न कितीही आतला असो, दर वेळी भांडणच होत असेल तर बाहेर ठेवा. तिसरे म्हणतात, प्रश्न ठेवा, चाळीस मेसेज काढा. काल रात्रीपर्यंत मतं जवळजवळ समसमान होती, आणि माझ्या गच्चीवरचा पालक आज सकाळी पुन्हा उकरलेला होता.